देपाचिकातील ओहागी : निवड, खरेदी, साठवण आणि घरची कृती

जपानमधील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाद्यपदार्थांचा जो बाजार मांडलेला असतो, त्याला तिथे देपाचिका म्हणतात. 'देपातो' म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि 'चिका' म्हणजे जमिनीखालचा भाग, या दोन शब्दांना जोडून हे बोलीतले नाव तयार झाले. पहिल्यांदा जाणाऱ्याची नजर तिथल्या रेशमी कागदात बांधलेल्या, कित्येक हजार येनांच्या भेटपेट्यांवर जाते आणि ही जागा आपल्या खिशाला परवडणारी नाही असे समजून तो फिरत्या जिन्याने पुन्हा वर येतो. त्याच मजल्यावर, त्याच काचेमागे, साधारण 200 ते 350 येनांना एक नग या भावाने ओहागी ठेवलेली असते, आणि जपानी मिठाईशी ओळख करून घेण्यासाठी तिच्याहून योग्य पदार्थ मला माहीत नाही.

ओहागी म्हणजे चिकट तांदळाच्या अर्धवट कुटलेल्या भाताचा लांबट गोळा आणि त्यावर अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या गोड पुरणाचा जाड थर. या पुरणाला आंको किंवा नुसते 'आन' म्हणतात. पुरणपोळीत पुरण आत आणि पारी बाहेर असते; इथे धान्य आत आणि पुरण बाहेर असते, एवढे लक्षात ठेवले की मराठी माणसाला हा पदार्थ परका वाटत नाही. मूळ साहित्य तांदूळ, अझुकी, साखर आणि चिमूटभर मीठ एवढेच असल्याने शाकाहारी माणसालाही ओहागी सहसा निर्धास्तपणे खाता येते. शेजारच्या दोरायाकीत (दोन गोल केकांमध्ये पुरण भरलेली मिठाई) आणि कासुतेरात (स्पंज केक) अंडे असते, काही नव्या पद्धतीच्या थंड मिठायांत जिलेटिन असते, आणि जोयो मांजू नावाच्या पांढऱ्या वाफवलेल्या मिठाईच्या आवरणात कंद किसून घातलेला असतो, त्यामुळे जैन वाचकांनी तीही टाळावी.

पहिली पायरी : केव्हा जावे

ओहागी आता वर्षभर मिळते, पण तिचे खरे दिवस हिगानचे. वसंतातील आणि शरदातील विषुवदिनाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस धरून हा सात दिवसांचा काळ होतो. म्हणजे ढोबळमानाने 17 ते 23 मार्च आणि 20 ते 26 सप्टेंबर. या दिवसांत जपानी कुटुंबे पूर्वजांच्या समाधीची साफसफाई करतात, घरातल्या बौद्ध देव्हाऱ्यासमोर ओहागी ठेवतात आणि मग घरातली सगळी माणसे ती खातात. हिगान या शब्दाचा अर्थ पैलतीर असा आहे आणि त्याच्या मुळाशी संस्कृतातील पारमिता ही बौद्ध संकल्पना आहे. शरदातील हिगान आणि आपला पितृपक्ष बहुतेक वर्षी आगेमागेच येतात. पितरांच्या नावाने काढलेले पान आणि ओहागीची ती थाळी यांतले साम्य जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नावाचा उलगडा इथेच करून घेतलेला बरा, कारण दुकानात दोन नावे दिसतात. शरदात फुलणाऱ्या हागी नावाच्या जांभळट फुलांच्या झुडपावरून ओहागी, आणि वसंतात फुलणाऱ्या बोतान या मोठ्या फुलावरून बोतामोची. पदार्थ मुळात एकच आहे. आणखी एक जुनी रीत अशी सांगतात की शरदात अझुकीचे पीक नुकतेच हाती आलेले असते आणि तिची साल कोवळी असते, म्हणून सालीसकट भरड पुरण. वसंतापर्यंत तीच साल साठवणीत कडक झालेली असते, म्हणून साल काढून टाकलेले मऊ पुरण. उन्हाळ्यासाठी 'योफुने' म्हणजे रात्रीची नाव, आणि हिवाळ्यासाठी 'कितामादो' म्हणजे उत्तरेची खिडकी, अशीही नावे आहेत. त्यांमागे शब्दखेळ आहे. मोची, म्हणजे चिकट भात कुटून लगदा करून केलेला गोळा, करताना उखळातला आवाज शेजारी ऐकू जातो, ओहागीचा जात नाही. त्यामुळे ती 'त्सुकी' कळू न देणारी ठरते. जपानीत याच उच्चाराचे कुटणे, धक्क्याला लागणे आणि चंद्र असे निरनिराळे अर्थ होतात. अंधारात नाव केव्हा धक्क्याला लागली ते कळत नाही, आणि उत्तरेच्या खिडकीतून चंद्र दिसत नाही. चार साध्या घटकांच्या पदार्थाला चार ऋतूंची चार नावे देणाऱ्या भाषेबद्दल मला फार आपुलकी वाटते.

हिगानच्या दिवसांत, विशेषतः मधल्या विषुवदिनी, रांगा लागतात आणि दुपारपर्यंत माल संपू शकतो, म्हणून दुकान उघडतानाच पोहोचावे. बहुतेक डिपार्टमेंट स्टोअर सकाळी दहाच्या सुमारास उघडतात. इतर दिवशी दुपारी चारपर्यंत गेले तरी चालते. संध्याकाळी बंद होण्याच्या वेळेस तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात, पण मिठाईच्या काउंटरवर तशी खात्री नसते, आणि सकाळी केलेली ओहागी रात्री आठला घेण्यात फारसे शहाणपणही नाही.

दुसरी पायरी : काउंटर शोधणे

टोकियोत असाल तर निहोनबाशीचे मित्सुकोशी, ज्याचे मूळ 1673 साली सुरू झालेल्या एचिगोया या कापडदुकानात आहे, शिंजुकूचे इसेतान, किंवा टोकियो स्टेशनला लागून असलेले दाइमारू यांपैकी कुठेही जावे. ओसाकात उमेदा स्टेशनचे हांक्यू सोयीचे आहे. तळघरात उतरल्यावर मजल्याचा नकाशा पाहावा: 'वागाशी' म्हणजे जपानी मिठाई, 'योगाशी' म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची मिठाई, आणि हे दोन विभाग बहुधा वेगळे असतात. वागाशीतही भेटपेट्यांची दुकाने आणि त्याच दिवशी खायच्या ताज्या मिठायांची दुकाने वेगवेगळी असू शकतात. तुम्हाला दुसऱ्या प्रकारची हवी आहेत. क्योतोच्या सेनतारोसारख्या दुकानांचे काउंटर अनेक देपाचिकांत आहेत आणि तिथे ओहागी ठळकपणे मांडलेली असते. नाव माहीत नसलेल्या दुकानापाशीही उभे राहून पाहावे. ओहागीचा पृष्ठभाग ओलसर, किंचित चमकदार आणि बोटांच्या ठशांनी थोडा असमान दिसत असेल तर ती ताजी आहे. पुरणाच्या कडा कोरड्या पडून फिकट झाल्या असतील तर पुढे जावे.

तिसरी पायरी : भावाचे कार्ड आणि चिठ्ठी वाचणे

जपानमध्ये 2021 च्या एप्रिलपासून ग्राहकाला दाखवायच्या किमतीत कर धरलेली रक्कम असणे बंधनकारक आहे. तरी अनेक कार्डांवर करापूर्वीचा आकडा मोठा आणि करासह आकडा लहान छापलेला असतो, म्हणून दोन आकडे दिसले तर मोठ्या रकमेचा आकडा तुमचा, हा नियम लक्षात ठेवावा. कर धरलेल्या किमतीला 'झेइकोमी' म्हणतात. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये उपभोग कर 10 टक्के झाला तेव्हा घरी नेण्याच्या खाद्यपदार्थांवर तो 8 टक्केच ठेवण्यात आला. तीच मिठाई दुकानाच्या बाकावर बसून खाल्ली तर 10 टक्के लागतो.

तारखेच्या बाबतीत दोन शब्द सारखे वाटतात, पण त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. 'शोओहि किगेन' म्हणजे या तारखेनंतर खाऊ नये अशी मुदत, आणि 'शोओमि किगेन' म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम राहील अशी मुदत. ओहागीवर पहिली असते आणि बहुधा ती त्याच दिवसाची असते. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने वाचावी. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे असतील तर आपल्या सवयीने ते दिवस म्हणून वाचले जातात आणि गोंधळ होतो. कधी वर्ष जपानच्या रेइवा कालगणनेत असते. रेइवाचे पहिले वर्ष 2019, म्हणून त्या आकड्यात 2018 मिळवले की इसवी सन येतो.

वेष्टनावर घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घेता येते, पण काउंटरवर सुटी विकली जाणारी ओहागी चिठ्ठीविनाही मिळते, त्यामुळे ॲलर्जी असणाऱ्याने विचारणे हाच सुरक्षित मार्ग आहे. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचे पीठ, कुरोगोमा म्हणजे काळे तीळ, कुरुमी म्हणजे अक्रोड, हे तीन शब्द तेवढ्यापुरते पाठ असावेत.

चौथी पायरी : कोणती घ्यावी

पहिल्या वेळी दोनच घ्याव्यात: एक त्सुबुआन आणि एक किनाको. त्सुबुआन म्हणजे दाणे आणि साल शिल्लक असलेले भरड पुरण, कोशिआन म्हणजे साल गाळून काढलेले रेशमी पुरण. कोशिआन अधिक नाजूक दिसते आणि पुष्कळांना तेच श्रेष्ठ वाटते, पण अझुकीची स्वतःची, किंचित तुरट आणि मातकट चव ओळखायची असेल तर त्सुबुआनच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय त्यात कारागिराची परीक्षा होते. दाणा पूर्ण शिजलेला असूनही फुटलेला नसावा आणि साल दाताखाली वेगळी येऊ नये, हे जमवणे सोपे नाही. काही कार्डांवर 'दाइनागोन' असा शब्द दिसेल. ती मोठ्या दाण्याची, शिजताना सहज न फुटणारी अझुकीची जात. दाइनागोन हे दरबारातले एक उच्च पद होते आणि दरबारी सरदारांना सामुराईंप्रमाणे पोट चिरून मरण पत्करावे लागत नसे, म्हणून पोट न फुटणाऱ्या या दाण्याला ते नाव पडले असे सांगतात. बाकी बरीचशी अझुकी होक्काइदोहून येते आणि दुकाने ते अभिमानाने लिहितात.

किनाकोच्या ओहागीत रचना उलटी होते: पुरण आत, भात बाहेर आणि त्यावर पिवळसर पिठाचा थर. आपल्या पुरणपोळीला हीच जवळची. काळ्या तिळाची ओहागी आपल्या तिळाच्या लाडवाची आठवण करून देणारी आणि सर्वांत खमंग असते. हिरवी भुकटी लावलेली दिसली तर ती आओनोरी, म्हणजे समुद्री शेवाळ. ती वनस्पतीच आहे, पण तिचा समुद्राचा वास गोड पुरणासोबत सर्वांना रुचत नाही. सेंदाई भागाची खासियत असलेली झुंदा, म्हणजे कोवळ्या हिरव्या सोयाबीनचे वाटण, दिसली तर मात्र सोडू नये. त्याच सेंदाईजवळ आकिउ ओनसेन येथील साइची हे साधे सुपरमार्केट ओहागीसाठी देशभर ओळखले जाते. ही मूळची घरगुती मिठाई आहे आणि तिची कीर्ती आलिशान दुकानांवर अवलंबून नाही, हे त्यावरून कळते.

पाचवी पायरी : मागणे, पैसे देणे, नेणे

काउंटरपाशी 'सुमिमासेन' म्हणून लक्ष वेधावे आणि बोटाने दाखवत 'ओहागी ओ फुतात्सु कुदासाई' म्हणावे, म्हणजे दोन ओहागी द्या. एक असेल तर हितोत्सु, तीन मित्त्सु, चार योत्त्सु, पाच इत्सुत्सु. एकच नग मागण्यात संकोच बाळगू नये; तो तितक्याच काळजीने बांधून दिला जातो. अंडे आहे का हे विचारायचे तर 'तामागो वा हाइत्ते इमासु का'. विक्रेता घरी पोहोचायला किती वेळ लागेल असे विचारू शकतो, कारण उन्हाळ्यात सोबत बर्फाची पिशवी द्यायची का ते त्यावरून ठरते. 'जिताकु यो' म्हटले की स्वतःसाठी आहे, भेटीचे वेष्टन नको, एवढा अर्थ पोहोचतो. प्रत्येक काउंटरचे बिल वेगळे होते, रोख पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवावेत, आणि 2020 च्या जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडत असल्याने कापडी पिशवी बरोबर असलेली बरी. तिचा तळ मात्र सपाट हवा, कारण डबी आडवी झाली की पुरण एका बाजूला घसरते.

चालता चालता खाणे आणि तळघरातच कोपऱ्यात उभे राहून खाणे दोन्ही अप्रशस्त मानले जाते. शिंजुकूच्या इसेतानच्या गच्चीवर बाग आहे, गिंझाच्या मित्सुकोशीत नवव्या मजल्यावर मोकळी जागा आहे. तिथे बसून दुपारी खाण्यासारखी ही वस्तू आहे. लाकडी काडीने किंवा चॉपस्टिक्सने तुकडा करून, सोबत साखर न घातलेला होजिचा (भाजलेल्या पानांचा चहा) किंवा सेनचा (हिरवा चहा) घ्यावा. दुधाच्या गोड चहाबरोबर अझुकीची चव पूर्णपणे झाकली जाते.

सहावी पायरी : उरली तर काय

फ्रिजमध्ये ठेवू नये. सर्वाधिक चुका इथेच होतात. मी स्वतः पहिल्या वर्षी चार ओहागी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सकाळी आतला भात खड्यासारखा झालेला पाहून फार हळहळलो. शिजलेल्या भातातील स्टार्च शून्य ते पाच अंशांच्या आसपास सर्वांत लवकर पुन्हा कडक होतो, आणि फ्रिजचे तापमान नेमके तेवढेच असते. त्याच दिवशी खायची असेल तर घरातल्या गार, सावलीच्या जागी झाकून ठेवावी. उन्हाळ्याच्या दमट दुपारी मात्र तेही तासन्तास करू नये. दुसऱ्या दिवसासाठी हवी असेल तर आणल्याबरोबर प्रत्येक नग वेगळा प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावा, खाण्याआधी बाहेर काढून मऊ होऊ द्यावा आणि भात तरीही कडक वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये थोडाच वेळ गरम करावा. भारतात न्यायला ओहागी उपयोगाची नाही. त्यासाठी त्याच मजल्यावरचे, कित्येक महिने टिकणारे बंद वेष्टनातले योकान, म्हणजे अझुकीच्या पुरणाची घट्ट वडी, घ्यावे.

सातवी पायरी : घरी करणे

टोकियोच्या निशिकासाई भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सुपरमार्केटमध्ये अझुकी आणि मोचीगोमे, म्हणजे चिकट तांदूळ, सहज मिळतात. पुण्या-मुंबईत मोचीगोमेच्या जागी आसामचा बोरा तांदूळ वापरावा, कारण तोही खराखुरा चिकट तांदूळ आहे; इंद्रायणी कितीही चिकट झाला तरी एकट्याने ते काम करू शकत नाही, पण मिसळायला उत्तम आहे. अझुकी न मिळाल्यास लाल चवळी चालते. चव थोडी वेगळी येते, पोत पुष्कळ जवळचा येतो.

बारा ते चौदा नगांसाठी 250 ग्रॅम अझुकी, 200 ते 230 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम चिकट तांदूळ, 100 ग्रॅम इंद्रायणी आणि मीठ घ्यावे. अझुकी भिजवण्याची गरज नाही. ती धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात उकळी आणून पाच मिनिटांनी ते सगळे पाणी ओतून द्यावे. यालाच शिबुकिरी म्हणतात आणि तुरटपणा त्यानेच जातो. नंतर चौपट नवे पाणी घालून मंद आचेवर 45 ते 60 मिनिटे शिजवावे, दाणे उघडे पडतील तसे थोडे गरम पाणी घालत राहावे. दाणा अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये, म्हणजे सर्वांत कमी जोराच्या बोटात, सहज चिरडला गेला पाहिजे. तो तसा होईपर्यंत साखरेला हात लावू नये, कारण साखर पडल्यावर दाणा आणखी मऊ होत नाही. पुरणाची डाळ पूर्ण शिजल्याशिवाय आपण गूळ घालत नाही तेच कारण. मग जास्तीचे पाणी काढून साखर तीन हप्त्यांत घालावी आणि शेवटी मीठ. पुरणात उलथने उभे राहिले की ते झाले असे आपण मानतो, आंको मात्र त्याच्या बरेच आधी उतरवावे: उलथन्याने तळाशी ओढलेली रेघ क्षणभर राहून हळूहळू मिटली की पुरे. गार होताना ते आणखी घट्ट होते, आणि उभ्या उलथन्यापर्यंत आटवले तर गुंडाळताना भेगा पडतात. कोशिआन हवे असल्यास साखर घालण्यापूर्वी दाणे पुरणयंत्रातून काढून, भरपूर पाण्यात कालवून, साल मागे राहील असे गाळावे, गाळ तळाशी बसल्यावर वरचे पाणी ओतून उरलेले फडक्यात पिळावे आणि मगच साखरेसह आटवावे.

दोन्ही तांदूळ एकत्र धुऊन तासभर भिजवावेत, निथळून, कोरड्या तांदळाच्या मापाइतकेच पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरमध्ये दोन शिट्ट्या कराव्यात आणि पंधरा मिनिटे वाफ मुरू द्यावी. भात गरम असतानाच ओल्या बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने कुटावा. अर्धे दाणे मोडलेले आणि अर्धे शाबूत, इथे थांबायचे; या अवस्थेला जपानीत 'हानगोरोशी', म्हणजे अर्धे मारलेले, असे म्हणतात. लगदा झाला तर ती मोची होते आणि ओहागीचा चावा हरवतो. हाताला पाणी लावून सुमारे 45 ग्रॅमचे लांबट गोळे करावेत. मग ओल्या फडक्यावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर 50 ग्रॅम आंको तळहाताएवढे थापून, मधोमध भाताचा गोळा ठेवून, कागद चहूबाजूंनी उचलत आंको वर आणून बंद करावे. खालची बाजू थोडी उघडी राहिली तरी हरकत नाही, ताटलीत तीच खाली जाते.

किनाकोचा प्रकार करताना भात बाहेर ठेवून त्यात 25 ग्रॅम आंकोची गोळी भरावी, उकडीच्या मोदकाची पारी वळण्याची सवय इथे कामी येते. किनाको न मिळाल्यास सोयाबीन मंद आचेवर खमंग भाजून, साल पाखडून, बारीक दळून चाळून घ्यावे आणि त्यात तितकीच पिठीसाखर व किंचित मीठ मिसळावे. हे पीठ गोळ्यांना आधी लावून ठेवू नये. भाताचा ओलावा शोषून ते अर्ध्या तासात चिकट होते, म्हणून पान वाढायच्या वेळीच गोळे त्यात घोळवावेत.